तीन हजार दोनशे ठोके

सांगलीच्या सुवर्ण टंकलेखन संस्थेत अनसूयाबाई तारळेकर अठरा वर्षं टायपिंग शिकवत होत्या, आणि एवढ्या काळात त्यांनी एकाही विद्यार्थ्याला शाब्बास म्हटलं नव्हतं. कागदावर चूक नसली तर त्या "बरोबर" म्हणत. चूक असली तर तिच्यावर नुसतं बोट ठेवत. सरकारी परीक्षेला बसलेली पोरं त्या बोटाला परीक्षकापेक्षा जास्त भीत.

मूळच्या त्या रहिमतपूरच्या. वडील नगरपालिकेत कारकून. 'सर्व नागरिकांना या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की' हे आधी कशाला लिहायचं, नोटीस वाचली की कळतंच की, असं तिनं दहाव्या वर्षी वडिलांना विचारलं. ही मुलगी सरकारी नोकरीत टिकायची नाही, हे त्या माणसानं त्याच दिवशी ओळखलं आणि तिला टायपिंगला घातलं. पुढे लग्न होऊन त्या सांगलीला आल्या. नवरा हरिभाऊ पोस्टात. हरिभाऊंना पोस्टकार्डाची जागा कधी पुरली नाही, आणि घरातही दोघांच्या वाटणीचं ते एकटेच बोलत. त्यामुळे संसार सुखाचा झाला.

संस्था नानासोंनी चौऱ्याहत्तर साली काढलेली. नानासो गेल्यावर ती मुलाकडे, मानसिंगरावांकडे आली. सत्त्याण्णव साली मानसिंगराव पुण्याला कॉम्प्युटरचं प्रदर्शन पाहायला गेले आणि परत येताना एक टाय घेऊन आले. आठवड्याभरात पाटी बदलली. 'सुवर्ण इन्फोटेक'. पुढच्या हॉलमध्ये चार कॉम्प्युटर, काचेचं दार, एसी. चपला बाहेर काढायच्या. कॉम्प्युटरवर भरतकाम केलेली झाकणं, आणि ती उचलायचा मान फक्त मानसिंगरावांचा. टाइपरायटर मागच्या खोलीत, पाण्याच्या मोटारीशेजारी गेले. त्यांच्याबरोबर अनसूयाबाईही गेल्या. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. त्यांची खुर्ची तिकडे नेऊन ठेवली होती, एवढंच.

पुढच्या हॉलसाठी मानसिंगरावांनी मुकुल नावाचा इंजिनीअर आणला. मुकुल खरोखरच हुशार होता. इंटरनेटच्या पानावर घड्याळ लावायचं म्हटलं की तो तीन लावी. माउसमागून पळणारी अक्षरं लावी. त्याला पुरे म्हणणारं माणूस त्या इमारतीत नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मोटारीशेजारी बसत होतं.

संस्थेला वेब पेजचं पहिलं काम मिळालं ते कुपवाडच्या जयराजरावांचं. जयराजराव शिराळ्याकडचे. घरचा ऊस होता, पण उसात यांचं मन रमेना म्हणून कुपवाडला शेड टाकून हळद पॉलिश करायचे ड्रम बनवू लागले. धाकटा भाऊ फौजेत, सिग्नलला. त्यानं फोनवर सांगितलं, भाऊ, वेबसाइट काढ. फौजेनं सांगितलं म्हटल्यावर विषय संपला.

मुकुलनं महिनाभर खपून पान केलं. डावीकडे उघडझाप करणारा मेनू, वर चमकणारं नाव, आणि भर मे महिन्यात हळदीच्या ड्रमांवर पडणारा बर्फ.

"ह्ये काय पडतंय?" जयराजरावांनी विचारलं.

"स्नो इफेक्ट आहे, सर."

"आवं पर हळदीवर पाणी पडलं तर माल जातुया की."

मानसिंगराव मोठ्यानं हसले आणि परदेशी गिऱ्हाइकाला बर्फ बघितला की आपलेपणा वाटतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. जयराजरावांची गिऱ्हाइकं निजामाबादची आणि इरोडची होती. पण टायवाल्या माणसाशी वाद घालण्याइतके ते तेव्हा धीट झाले नव्हते.

खरी पंचाईत वेगळीच होती. इंटरनेट बघायची खिडकी, म्हणजे ब्राउझर, तेव्हा दोन प्रकारचे होते, नेटस्केप आणि एक्सप्लोरर. 'हा मेनू लपव' ही साधी गोष्ट एकाला एका भाषेत सांगावी लागे आणि दुसऱ्याला दुसऱ्या. त्यामुळे मुकुल प्रत्येक हुकूम दोनदा लिही: अमका असशील तर असं कर, तमका असशील तर तसं कर. जिथं जिथं काही हलायचं, दिसायचं, लपायचं, तिथं तिथं ही जोडी. शिवाय बर्फ, घड्याळं, पळती अक्षरं. नेहमी लागणारी कामं एका फाइलीत लिहून ठेवायची आणि पानांनी तिला हाक मारायची, अशा फाइलीला लायब्ररी म्हणतात. मुकुलनं आपलं सगळं सामान तशा एका फाइलीत कोंबलं. तिचं वजन शहाण्णव हजार अक्षरं भरलं. मानसिंगराव गावभर सांगत सुटले की आमची स्वतःची लायब्ररी आहे. दोन दिवसांनी एक निवृत्त हेडमास्तर सभासद व्हायला आले आणि ऐतिहासिक कादंबऱ्या किती आहेत, विचारू लागले.

कुपवाडला फोनच्या तारेवरून ते पान उघडायला चार मिनिटं लागत. जयराजरावांनी कधी तक्रार केली नाही. पान सुरू करून ते शेडमध्ये एक चक्कर मारून येत.

आता अनसूयाबाई यात कशा आल्या, तर टायपिस्ट म्हणून. कोर्ससाठी नोट्स हव्या होत्या. मुकुलचं अक्षर कुणाला लागत नव्हतं, आणि ज्यांना लागे त्या एकच होत्या. मानसिंगरावांनी त्यांना पुढच्या हॉलमध्ये एक कॉम्प्युटर दिला, दुपारी एक ते तीन, जेव्हा एसी बंद असे. मुकुलचे प्रोग्रॅम टाइप करता करता त्या चुकांवर बोट ठेवू लागल्या. इथं कंस बंद नाही. इथं 'एल' मोठा आहे, मागे छोटा होता. मुकुलला आधी राग आला, मग आश्चर्य वाटलं, मग तो प्रोग्रॅम चालेनासा झाला की सरळ मागच्या खोलीत कागद घेऊन जाऊ लागला.

एकदा त्या म्हणाल्या, "हे मी आज बेचाळीस वेळा टाइप केलं."

"काय, मॅडम?"

"अमका असशील तर, तमका असशील तर. हे एकदा एका जागी लिहून बाकी ठिकाणी त्याला हाक मारता येत नाही?"

"येतं की."

"मग?"

त्यानं तसं करायचं कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी बर्फाचे तुकडे गोल करण्याच्या कामाला लागला.

अनसूयाबाईंनी तीन आठवडे वाट पाहिली. मग एक ते तीनच्या वेळात स्वतःच लिहायला घेतलं. पुस्तक मुकुलचं, इंग्रजी; त्यातलं त्यांना कळे तेवढं कळे. पण टायपिंगच्या बाईचा एक गुण असतो, ती प्रत्येक अक्षराला ठोका म्हणून मोजते. बोटाला झालेला त्रास म्हणजे ठोका. न लागणारं अक्षर म्हणजे फुकटचा त्रास. दीड महिन्यानं त्यांची फाइल तयार झाली. चार कामं करणारी: दाखव, लपव, हलव, लिही. दोन्ही ब्राउझरमध्ये.

मुकुलनं ती उघडून पाहिली आणि हसला. "मॅडम, फंक्शनची नावं इंग्रजीत असतात. हे 'लपव' काय?"

"अक्षरं इंग्रजीच आहेत की."

त्यानं चालवून पाहिली. चालली. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहिली. तिथंही चालली. तो बराच वेळ खाली-वर करून उरलेली फाइल शोधत होता.

"बाकीची कुठंय?"

"एवढीच. तीन हजार दोनशे ठोके. मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगानं सोळा मिनिटांत होते. तुमची लिहायला आठ तास लागतील. मोजलंय मी."

त्यांनी तिच्यासोबत एक परिचयही टाइप केला. दोन पानी, मराठीत, मागच्या खोलीतल्या मुलींसाठी. हरिभाऊंनी तो रात्री जेवताना वाचला आणि विचारलं, "अगं, याला प्रस्तावना नाही? ऋणनिर्देश नाही? निदान संगणक युगाबद्दल चार ओळी?" त्या म्हणाल्या, "आमटी निवतेय." परिचयाची सुरुवात अशी होती:

'ही एक छोटी फाइल आहे. ती चार कामे करते. पाचवे करत नाही. पाचवे हवे असल्यास आधी ही चार वापरून होते का ते पाहावे. बहुधा होते.'

आणि पुढे, ज्याच्यावरून नंतर सगळं घडलं ते कलम:

'ब्राउझरला नाव-गाव विचारू नये. तुला हे काम येते का, एवढेच विचारावे. येत असेल तर सांगावे. येत नसेल तर गप्प बसावे, पान तरी वाचता येईल.'

ही फाइल आणि परिचय घेऊन मुकुल स्वतः मानसिंगरावांकडे गेला. हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मानसिंगरावांनी दोन पानं हातात तोलून पाहिली.

"एवढंच?"

"सर, हलकी आहे. तेच तर तिचं..."

"हलकी! मुकुल, गिऱ्हाइकाला काय सांगणार, आम्ही हलका माल देतो? आपल्याकडे शहाण्णव हजारांची आहे. आता ती दोन लाखांवर न्यायची की तीन हजारांवर आणायची?" मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "बाईंना कशाला नादी लावतोस? टायपिंगची परीक्षा जवळ आलीय."

नाव-गाव विचारू नये, हे कलम मानसिंगरावांना तसं पटण्यासारखं नव्हतंच. त्यांच्या प्रवेश अर्जात नाव, आडनाव, मूळ गाव आणि मामाचं गाव हे रकाने पहिल्याच पानावर होते. उत्तरं मनासारखी आली की मुलाला एसीजवळचा कॉम्प्युटर मिळे. टायपिंगचा वेग विचारणारा रकाना चौथ्या पानावर होता.

अठ्ठ्याण्णव सरता सरता अमेरिकेचं असं मत पडलं, की सन दोन हजार उजाडताच जगातले कॉम्प्युटर बंद पडणार आणि ते वाचवायला मुकुल हवा. तो गेला. निघताना मागच्या खोलीत येऊन अनसूयाबाईंच्या पाया पडला. बाई म्हणाल्या, "कंस बंद करत जा."

पुढच्या उन्हाळ्यात जयराजरावांचा फौजी भाऊ रजेवर आला. एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्याच्याकडे होती. तिच्यातून त्यानं कुपवाडच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरची नवी, पाच नंबरची आवृत्ती चढवली आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात परत सीमेवर गेला. दुसऱ्या दिवशी जयराजरावांनी पान उघडलं. मेनू मेला होता. दाबून काही उघडेना. ड्रमांचा एकही फोटो दिसेना. बर्फ तेवढा पडत होता.

मानसिंगरावांकडे फोन आला. मुकुलच्या जागी आलेला कुणी नव्हता, कारण मुकुलइतक्या पगारात मुकुल मिळत नव्हता. मानसिंगरावांनी नवीन आवृत्तीचा दोष, फोनच्या तारांचा दोष आणि उन्हाळ्याचा दोष, असे तीन दोष सांगून पाहिले. जयराजराव म्हणाले, "त्ये आसंल. पर इरोडचं गिऱ्हाईक सोमवारी बगनार हाय. तवर कोण येनार हाय का न्हाई, त्येवढं सांगा."

तेव्हा मानसिंगराव सहा महिन्यांत पहिल्यांदा मागच्या खोलीत आले. मोटार चालू होती, म्हणून त्यांना ओरडून विचारावं लागलं.

अनसूयाबाई शनिवारी सकाळी आपल्या लुनावरून कुपवाडला गेल्या. पर्समध्ये एक फ्लॉपी. जयराजरावांनी त्यांना ऑफिसात बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि दाराशी उभे राहिले.

"काय झालंय ह्येला, बाई?"

बाईंनी मुकुलची फाइल उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "हे त्याला नाव आणि नंबर विचारतंय. तू चार नंबरचा का? तो म्हणतो, मी पाच. मग हे म्हणतं, मी तुला ओळखत नाही."

"आन् गप बसतंय?"

"गप्प बसतं."

"आवं, चारवाल्याला जे येत हुतं, त्ये पाचवाल्याला येत न्हाई व्हय?"

"येतं. विचारलंच नाही त्याला."

जयराजराव खो खो हसले. त्यांच्या गावच्या सोसायटीत कर्ज मागायला गेलेल्या माणसाशी असंच होतं, म्हणाले.

दुपारपर्यंत बाईंनी जुनी फाइल काढून आपली बसवली. चार हाका जागच्या जागी लावल्या. घड्याळं आपोआप गेली, पळती अक्षरं गेली. बर्फापाशी त्या थांबल्या. "हा ठेवायचा?"

"काढा ओ. दोन वर्सं झाली, माझी हळद भिजतीया."

मग त्यांनी फोन जोडून पान उघडलं. जयराजराव सवयीनं शेडमध्ये चक्कर मारायला निघाले होते. दारातून वळले तर ड्रमाचा फोटो समोर. मेनू उघडला, मिटला. ते परत आत येऊन खुर्चीवर बसले आणि स्वतःच्या हातानं मेनू दहा-बारा वेळा उघडून मिटवून पाहिला.

"लगीच आलं की वो! लय भारी!"

"बरोबर," अनसूयाबाई म्हणाल्या. जुन्या ब्राउझरमध्येही एकदा तपासून त्या लुनाला पॅडल मारू लागल्या.

पुढच्या रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात आली. 'सुवर्ण इन्फोटेकचे अभिनव संशोधन! कोणत्याही ब्राउझरमध्ये चालणारी सुपरफास्ट लायब्ररी!' खाली टायमधला मानसिंगरावांचा फोटो. सोमवारी अनसूयाबाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. आयुष्यात त्यांनी काही मागितलेलं हरिभाऊंनाही आठवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "फाइलीच्या पहिल्या ओळीत माझं नाव टाकते."

मानसिंगराव फार प्रेमळ हसले. "बाई, वजन वाढेल. तुम्हीच म्हणता ना, एकही जास्तीचं अक्षर नको?"

मागच्या खोलीत जाऊन बाईंनी टाइपरायटरवर आपलं नाव एकदा इंग्रजीत टाइप केलं आणि मोजलं. मधल्या जागेसकट सतरा ठोके. कागद काढून त्यांनी तो मुलींच्या सरावाच्या कागदांत ठेवून दिला, आणि त्या दिवशी टायपिंगच्या तासाला एका मुलीवर त्या विनाकारण ओरडल्या. नंतर तिला बोलावून "माझं चुकलं" म्हणाल्या. मुलगी जास्तच घाबरली.

ऑगस्टमध्ये संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. हॉल भाड्यानं घेतला, शामियाना, ध्वनिक्षेपक. 'संगणक क्रांतीचे शिल्पकार' म्हणून तिघांचा सत्कार ठरला. टेलिफोन खात्यातले एक साहेब, कारण त्यांनी लाइन लवकर दिली. जयराजराव, कारण ते गिऱ्हाईक. आणि मुकुल, अमेरिकेत असल्यामुळे त्याच्या वतीनं त्याचे वडील. तिघांची मानपत्रं चांगल्या जाड कागदावर टाइप करून हवी होती. एवढं सुबक, बिनचूक काम कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. मानसिंगरावांनी हातानं लिहिलेला मजकूर अनसूयाबाईंपुढे ठेवला.

त्यांनी तिन्ही टाइप केली. मुकुलच्या मानपत्रात 'जगाला थक्क करणारी लायब्ररी घडविणारे' असं होतं. तेही टाइप केलं, एकही खाडाखोड न करता. फक्त 'विद्युतवेगाने' मध्ये मानसिंगरावांनी केलेली शुद्धलेखनाची चूक सुधारली.

समारंभात गडबड केली ती जयराजरावांनी. शाल, नारळ घेऊन झाल्यावर दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते म्हणाले, "आमचं पान तारळेकर बाईंनी दुरुस्त केलं. त्या कुटं हायती? दिसंनात." मानसिंगरावांनी माइक हळूच आपल्याकडे घेतला आणि संस्थेच्या संपूर्ण टीमचे आभार मानले. संपूर्ण टीम त्या वेळी मागे, चहाच्या टेबलापाशी, प्रमाणपत्रांवर नावं घालत उभी होती. जयराजरावांचं वाक्य मात्र लाउडस्पीकरवरून तिथंवर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी राजीनामा दिला. एका ओळीचा. 'आजपासून येणार नाही. अ. तारळेकर.' मानसिंगरावांनी तो उलटून मागे काही लिहिलंय का पाहिलं.

"बाई, ती फाइल संस्थेची आहे हे लक्षात ठेवा. ती बाहेर गेली तर गुपित फुटेल."

"पान उघडून व्ह्यू सोर्स दाबा," त्या म्हणाल्या. "पानामागचं सगळं लिखाण दिसतं. फाइलीचं नाव तिथंच लिहिलेलं असतं. मागितली की येते. सगळ्या जगाला येते." आणि निघाल्या. मानसिंगरावांना हे नवीन होतं. त्यांनी चार कॉम्प्युटरवर चारदा दाबून पाहिलं, आणि दोन वर्षं आपण गुपित म्हणून जपलेलं सगळं कुणालाही दिसतंय हे पाहून झाकणं खाली सोडली.

हरिभाऊंनी राजीनाम्याची बातमी ऐकून पाऊण तास भाषण केलं. त्यात स्वाभिमान होता, महागाई होती, पोस्टातला त्यांचा स्वतःचा एक जुना अपमान होता. शेवटी दम घेऊन त्यांनी विचारलं, "आता काय करणार?"

"कुपवाडला जाणार. बोलावलंय."

जयराजरावांनी ऑफिसातलं एक टेबल रिकामं करून दिलं. आधी त्यांचं पान, मग शेजारच्या शेडमधल्या द्राक्षपेट्यावाल्याचं, मग पलीकडच्या पंपवाल्याचं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात फाइलीच्या वर आपलं नाव घातलं. वजन सतरा ठोक्यांनी वाढलं आणि कुणाचं पान अडलं नाही. परिचयाच्या दोन पानांच्या झेरॉक्स सांगली-साताऱ्यातल्या क्लासांत कुठून कुठे गेल्या, त्याचा पत्ता लागेना. सुवर्ण इन्फोटेकमध्येही त्याच शिकवायला घेतल्या होत्या, असं कळलं. मानसिंगरावांनी त्यांना चार पानी प्रस्तावना जोडली होती.

दिवाळीनंतर बेळगावच्या एका अनोळखी माणसाची ई-मेल आली. डिअर सर, आपली फाइल वापरतो, उत्तम चालते. मात्र तिच्यात रंग बदलायची सोय नाही, ती कधी देणार? अनसूयाबाईंनी उत्तर टाइप केलं. मी बाई आहे. रंग बदलण्यासाठी एकावर एक दोन मजकूर ठेवा, एक लपवा, दुसरा दाखवा.

पाठवायच्या आधी त्यांनी स्वतः ते करून पाहिलं. जमलं, पण मजकूर दोनदा लिहावा लागला. त्यांनी ते उत्तर पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि पाचवं काम लिहायला घेतलं. संध्याकाळी शेड बंद करायला आलेल्या जयराजरावांनी विचारलं, झालं का बाई? त्या म्हणाल्या, अजून दोनशे दहा ठोके जास्त आहेत, उद्या काढते.